रेंडर लावलं की कॉम्प्युटर खटकन बंद : ग्राफिक्स कार्ड किती वीज खातं आणि एसएमपीएस कोणता घ्यावा?

रंगरेषा
गुरुवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. मी धायरीत राहते, घरूनच ॲनिमेशनची कामं करते. सोमवारी एक काम द्यायचं आहे आणि मशीनने ऐन वेळी दगा दिलाय, म्हणून हा धागा.

कॉम्प्युटर २०१९ साली टिळक रोडवरच्या एका दुकानातून जुळवून घेतला होता. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज मशीनला हव्या त्या व्होल्टमध्ये करून देणारा डबा). इतकी वर्षं कधी कुरकुर नाही. गेल्या आठवड्यात १०६० काढून वापरलेलं आरटीएक्स ३०८० घेतलं, ३२ हजारांना. कार्डाला दोन ८ पिनी सॉकेट आहेत, माझ्या एसएमपीएसमधून तशी वायर एकच निघते. विकणाऱ्याने सोबत एक जोड दिला होता, हार्ड डिस्कच्या साटा वायरीवरून ८ पिनी करणारा. तो लावला.

गाणी, ब्राउझर, छोटी कामं सगळं ठीक. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावलं (म्हणजे अंतिम चित्रं तयार करायला लावली) की तीन-चार मिनिटांत खट्ट असा आवाज येतो आणि सगळं बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. लगेच बटण दाबलं तर काहीच होत नाही. मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबलं की मग चालू होतो. कार्डाचं तापमान ७० च्या वर जात नाही.

दुकानात फोन केला तर म्हणाले, कार्ड गेलेलं आहे, माइनिंगवालं (बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी कमवायला रात्रंदिवस राबवलेलं) असणार. ३२ हजार पाण्यात गेले का?

ओहमचा नियम
शुक्रवार, सकाळी ६:५५

पाण्यात गेलेले नाहीत. कार्ड परत करायची घाई करू नका.

तुमच्याच वर्णनात उत्तर आहे. कार्ड बिघडलं असतं तर बहुतेक वेळा स्क्रीनवर रेघा-ठिपके आले असते, ड्रायव्हर कोसळला असता, मशीन गोठलं असतं. इथे वीजच तुटतेय, आणि मागचा स्विच बंद केल्याशिवाय परत येत नाही. एसएमपीएसने स्वतःला वाचवायला केलेली ही ट्रिप आहे. आत जमा झालेला चार्ज उतरला की त्याचं कुलूप सुटतं.

आधी तो साटाचा जोड काढा. मशीन आत्ता चालू असेल तर बंद करा आणि मगच पुढचं वाचा. मग कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते इथे सांगा. ५५० हा मोठ्या अक्षरातला आकडा आत्ता बाजूला ठेवू.

नऱ्हेकर
शुक्रवार, सकाळी ९:२०

८५० वॅटचा चांगला एसएमपीएस घ्या, विषय संपवा. पुढच्या कार्डालाही चालेल.

रंगरेषा
शुक्रवार, दुपारी १:०५

ओहमचा नियम, तुम्ही "पुढचं वाचा" लिहिण्याआधी मशीन बंद करायला सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभार. जोड काढला आणि हातच थरथरायला लागले.

मोबाईलच्या उजेडात पाहिलं. साटाच्या काळ्या प्लॅस्टिकचा एक कोपरा मऊ होऊन फुगलाय. आतली एक पिन तपकिरी पडलीये. पिवळी वायर जोडाजवळ कडक झालीये, वाकवली तर मोडेल अशी. चार दिवस खोलीत उग्र वास येत होता, मला वाटलं नव्या कार्डावरची धूळ तापतेय. रात्री रेंडर लावून मी शेजारच्या खोलीत झोपत होते.

स्टिकरवर +१२ व्होल्टला २५ अँपिअर आहे.

ओहमचा नियम
शुक्रवार, दुपारी २:३०

वाचून पोटात गोळा आला. बरं झालं तो एसएमपीएस वेळेवर ट्रिप होत होता.

२५ गुणिले १२ म्हणजे ३०० वॅट. अख्ख्या मशीनला १२ व्होल्टवर मिळणारी वीज एवढीच. ३०८० ची एकट्याची मागणी ३२० वॅट. ताटात वाढलंय त्यापेक्षा भूक मोठी. वर प्रोसेसर आहेच. मग स्टिकरवरचे ५५० कुठून आले? उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेलवर, म्हणजे वीज देणाऱ्या वेगळ्या वाटांवर, दाखवून बेरीज फुगवलीये. पंचवीस वर्षांपूर्वी प्रोसेसर ५ व्होल्टवरून वीज घ्यायचे तेव्हा त्या बेरजेला अर्थ होता. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोन्ही मोठे खाणारे, १२ व्होल्टवरच जेवतात. धड ५५० वॅटच्या एसएमपीएसवर +१२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ५४० वॅट लिहिलेले दिसतात. दुकानात गेल्यावर बॉक्सवरचं नाव वाचायच्या आधी हा एक रकाना वाचा, निम्मी निवड तिथेच होते.

तुमचं १०६० फक्त १२० वॅटचं होतं, म्हणून इतकी वर्षं पितळ उघडं पडलं नाही.

आता जोडाबद्दल. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ६ पिनी वायर ७५, ८ पिनी १५०. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. साडेचार गुणिले बारा, ५४ वॅट. त्यातून १५० वॅटच्या सॉकेटला वीज पाजायची म्हणजे अर्धा इंची नळीवर अग्निशमनचा बंब चालवण्यासारखं. हे जोड विकायलाच नकोत असं माझं ठाम मत आहे. जुन्या चार पिनी मोलेक्सवरून निघणारे त्यातल्या त्यात कमी वाईट, पण ३०८० ला तेही नाहीत.

मुळामुठा
शुक्रवार, दुपारी ४:१०

थोडं अवांतर, पण कार्डांचे आकडे एकदा मांडून ठेवतो, कारण "नवीन कार्ड म्हणजे जास्त वीज" असं सरसकट नाही. ३०६० ला १७० वॅट लागायचे, नंतर आलेल्या ४०६० ला ११५. ४०७० ला २००. एएमडीचं आरएक्स ६६०० फक्त १३२, तर ९०७० एक्सटी ३०४. वरच्या टोकाला मात्र चढच आहे: २०२० चं ३०९० ३५० वॅट, २०२२ चं ४०९० ४५०, २०२५ चं ५०९० ५७५. म्हणून आधी कार्ड ठरवा, एसएमपीएस त्याच्या मागून.

आणि एक. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये वॅट बघताना एनव्हिडियाचा आकडा पूर्ण कार्डाचा असतो. एएमडीच्या आरएक्स ६००० आणि त्याआधीच्या कार्डांत तो फक्त चिपचा असतो. मेमरी, पंखे, व्होल्टेज उतरवताना होणारा अपव्यय त्यात नाही. "माझं कार्ड शंभरच वॅट खातं" म्हणणाऱ्याने हे तपासावं.

कोथरूडचा निनाद
शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

३२० अधिक प्रोसेसरचे ८८ अधिक बाकीचे ५०, झाले ४५८. मग चांगला ६५० वॅटचा का नको? ८५० म्हणजे दुकानदाराचा फायदा. शिवाय मोठा एसएमपीएस लाईटही जास्त खाणार.

ओहमचा नियम
शुक्रवार, रात्री ८:१५

निनाद, शेवटचं वाक्य आधी खोडतो, कारण हा गैरसमज फार खोल रुजलाय. एसएमपीएसवरचे वॅट ही त्याची कुवत आहे, खाणं नव्हे. घराला दोन हजार लिटरची टाकी बसवली म्हणून तुम्ही रोज दोन हजार लिटर पाणी वापरत नाही. मशीनने ४०० मागितले तर ६५० वालाही ४००च देणार आणि १००० वालाही ४००च.

बेरीज तुमची बरोबर आहे, पण ती सरासरीची. कार्ड वीज सपाट ओढत नाही. चिपवरचा लोड क्षणात शून्यावरून शंभरावर जातो आणि मिलिसेकंदाहून कमी वेळ उसळी मारतो. ३०८० या बाबतीत बदनाम आहे. ३२० वॅटच्या या कार्डाच्या उसळ्या साडेचारशेच्या पुढे गेलेल्या मोजल्या आहेत. त्याच वेळी प्रोसेसरही जोरात असेल तर तुमचे ४५८ त्या क्षणापुरते सहाशेला टेकतात. ६५० चा चांगला एसएमपीएस हे पेलेलही. पण काहींचं संरक्षण इतकं संवेदनशील असतं की उसळीलाच ते ओव्हरलोड समजतात आणि ट्रिप होतात. ३०८० आलं तेव्हा चांगल्या मॉडेलांवरही लोकांनी हे भोगलंय.

याच कारणाने इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे एसएमपीएससाठीचं नवं प्रमाण आणलं. ३.० किंवा ३.१ लिहिलेल्या, नव्या १६ पिनी जोडाच्या एसएमपीएसने स्वतःच्या कुवतीच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सहन केली पाहिजे. म्हणून माझं मत: ७५० वॅट, एटीएक्स ३.० किंवा ३.१. ३०८० साठी एनव्हिडियाचीही शिफारस ७५० चीच आहे. ८५० घेतला तर नुकसान नाही, पण ते पैसे मी रॅमला लावीन.

वायरमन काका
शुक्रवार, रात्री ९:५०

रंगरेषा ताई, एक विचारतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अनवाणी पायाने हात लावला तर झिणझिण्या येतात का?

रंगरेषा
शुक्रवार, रात्री १०:०२

हो काका! कायमच येतात. पावसाळ्यात जास्त. आईला वाटायचं मी उगाच सांगते.

वायरमन काका
शुक्रवार, रात्री १०:४०

आईंना सांगा की खरं आहे. घरात अर्थिंग लागत नाहीये.

मी एकतीस वर्षं घरगुती वायरिंग केलंय, पेठांतल्या वाड्यांतलं आणि नव्या सोसायट्यांतलंही. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून पत्र्याला आणि न्यूट्रलपासून पत्र्याला असे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांतून निघणारी किंचितशी गळती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवी. अर्थिंगच नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, सव्वाशेच्या आत व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर निभावतं. पण उद्या आत खरा फेज पत्र्याला लागला तर वाचवायला काही नाही.

परवानाधारक वायरमनला बोलावून सॉकेटवर मीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. बऱ्याचदा दोष छोटा असतो: एक्स्टेंशन बोर्डात तिसरी वायर जोडलेलीच नसते, किंवा तीन पिनी प्लगला दोन पिनी जोड लावलेला असतो. नवा एसएमपीएस आणण्याआधी हे करून घ्या, कृपा करून.

चाफेकळी
शनिवार, सकाळी ८:३०

नवीन एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, घेतलात तर माझी एक चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी एसएमपीएस बदलला आणि कॅबिनेटमधल्या जुन्या वायरी तशाच ठेवल्या, नव्या डब्यात फक्त टोकं खोचली. बसली नीट. चालू करताच टिक असा आवाज आला आणि हार्ड डिस्क गेली. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कुठलंही प्रमाण नाही. दोन कंपन्यांत, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत, पिनांचा क्रम वेगळा निघतो. माझ्या १२ व्होल्टच्या जागी ५ आणि ५ च्या जागी १२ गेले. त्या डिस्कवर आजीच्या आवाजातल्या ओव्या होत्या, मीच रेकॉर्ड केलेल्या. दुसरी प्रत नव्हती.

वायरी डब्यातल्याच वापरा. जुन्या त्याच दिवशी बाजूला काढून टाका.

कोथरूडचा निनाद
शनिवार, सकाळी ९:१५

चाफेकळी, फार वाईट वाटलं वाचून.

ओहमचा नियम, उसळ्यांचा मुद्दा पटला. ८० प्लसचा कार्यक्षमतेचा बिल्ला ब्रॉन्झ की गोल्ड तेही सांगा. गोल्डला दीड-दोन हजार जास्त सांगतात.

मुळामुठा
शनिवार, सकाळी १०:४०

याचं गणित मी करतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्रॉन्झला ८५ टक्के कार्यक्षमता लागते, गोल्डला ९०. आपल्या २३० व्होल्टवर दोन्ही किंचित सुधारतात. समजा रेंडरच्या वेळी मशीनला आत ४१० वॅट हवेत. ब्रॉन्झ भिंतीतून ४८२ ओढेल, गोल्ड ४५५. फरक २७ वॅट, तो उष्णता बनून डब्यातच राहतो. रोज सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस रेंडर धरलं तर चार युनिट. युनिटला सगळे आकार धरून दहा रुपये पकडले तर महिन्याला चाळीस रुपये. रोज राबणाऱ्या मशीनला तीन-चार वर्षांत गोल्डचे पैसे वसूल, संध्याकाळी तासभर गेम खेळणाऱ्याला नाहीत.

पण बिल्ला म्हणजे दर्जा नव्हे. ८० प्लस फक्त कार्यक्षमता मोजतं. उसळी किती पेलतो, संरक्षण नीट लागतं का, कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का, यातलं काहीच तो सांगत नाही. वॉरंटी किती वर्षं आहे ते बघा. सात किंवा दहा वर्षं देणाऱ्याने आत काहीतरी बरं घातलेलं असतं.

धनकवडी एक्सप्रेस
शनिवार, दुपारी १२:२०

१६ पिनी जोड जळतो म्हणतात. मग ३.० वाला घ्यायचा तरी कशाला?

ओहमचा नियम
शनिवार, दुपारी १:३५

४०९० बाजारात आल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये तो जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या, हे खरं. त्या एका जोडातून ६०० वॅटपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीला आठच्या वर. पिन जरा जरी अर्धवट बसली तरी तापते. नंतर सुधारून आलेल्या १२व्ही-२x६ जोडात खुणेच्या पिना आखूड केल्या आहेत, त्यामुळे जोड पूर्ण आत गेल्याशिवाय कार्डाला वीज मागण्याची परवानगीच मिळत नाही. घालताना शेवटपर्यंत दाबा, तोंडाशी फट दिसता कामा नये, आणि पहिले तीन-चार सेंटीमीटर वायर सरळ ठेवा.

रंगरेषांचं कार्ड ८ पिनी आहे, त्यांना तो जोड लागणारच नाही. त्यांनी फक्त एक पाळायचं: एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणायच्या. एकाच वायरीला दोन तोंडं असतात, ती दोन्ही एकाच कार्डात घालायचा मोह होतो. ३२० वॅटच्या कार्डाला नको.

रंगरेषा
रविवार, रात्री ९:१०

सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं केलंत.

काल सकाळी वायरमन आले. भिंतीतलं अर्थिंग ठीक होतं, दोष एक्स्टेंशन बोर्डात निघाला. उघडला तर हिरवी वायर कापून आत गुंडाळून ठेवलेली. बोर्ड बदलला. संध्याकाळी अनवाणी उभं राहून पत्र्याला हात लावला, काही नाही. आईलाही लावायला लावला.

मग टिळक रोडला जाऊन ७५० वॅट, एटीएक्स ३.१, गोल्ड घेतला. दुकानात काउंटरवर तीन बॉक्स मांडून प्रत्येकाचा १२ व्होल्टचा रकाना वाचला. एकावर ७५० लिहून १२ व्होल्टला ४८ अँपिअरच होते, तो तिथेच परत दिला. घेतलेल्यावर ६२ आहेत. येताना तपकीर गल्लीतून प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला.

रिकामं बसलेलं मशीन ७४ वॅट. पूर्ण रेंडरला ४५० ते ४६०. चाळीस फ्रेम्स २८ मिनिटांत झाल्या, एकदाही बंद नाही. मग कार्डाची पॉवर लिमिट ३२० वरून २६० वर आणली. मीटर ३८८ वर आला, त्याच चाळीस फ्रेम्सना २९ मिनिटं १० सेकंद लागली. सत्तर सेकंदांसाठी सत्तर वॅट! आता ती तशीच ठेवलीये, पंख्यांचा आवाजही निम्मा झाला.

फक्त ६०० व्हीएचा यूपीएस रेंडर लावलं की ओरडतो. आमच्याकडे गुरुवारी हमखास लाईट जाते, त्याचं काय करू?

मुळामुठा
रविवार, रात्री ९:४५

६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॅटच. तुम्ही ३८८ ला आहात, ओरडणारच. ११०० व्हीए म्हणजे ६६० वॅटच्या आसपासचा बघा. घेण्याआधी बॅटरीवर टाकून रेंडर चालवून दाखवायला सांगा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसीवाले (भिंतीतून वीज लहरीला धरून ओढणारे) काही एसएमपीएस ती नाकारून बंद पडतात. तसं झालं तर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा लागेल. तोवर गुरुवारी दिवसा रेंडर लावूच नका, किंवा रेंडर फ्रेम फ्रेम सेव्ह होईल असं ठेवा.

वायरमन काका
रविवार, रात्री १०:०५

आईलाही हात लावायला लावलात हे वाचून समाधान वाटलं. जुना एसएमपीएस उघडून बघू नका ताई. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

नऱ्हेकर
सोमवार, सकाळी ७:५०

तो जुना एसएमपीएस मला द्याल का? भाच्याच्या ऑफिसवाल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये १८० वॅटचा आहे, त्यात त्याला ग्राफिक्स कार्ड टाकायचंय.

रंगरेषा
सोमवार, सकाळी ८:३०

दादा, नाही देणार, राग मानू नका. त्याची एक वायर जळालेली आहे. तो आणि तो जोड दोन्ही ई-कचऱ्यात जाणार आहेत. जोड मी कात्रीने मधोमध कापून ठेवलाय, कचऱ्यातून उचलून कुणी लावू नये म्हणून.

ओहमचा नियम
सोमवार, सकाळी ९:१०

नऱ्हेकर, त्या डेस्कटॉपमध्ये तसाही बसणार नाही. कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसचा आकार आणि मदरबोर्डचा जोड बऱ्याचदा त्यांचा स्वतःचा असतो. भाच्याला आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड सुचवा, ७० वॅटचं आहे, वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच चालतं. ८ जीबीवालं घेऊ नका, त्याला वायर लागते. कॅबिनेट बारीक असेल तर अर्ध्या उंचीचं मॉडेल मिळतं. आधी प्रोसेसर कोणता आहे आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते सांगा.

नऱ्हेकर
सोमवार, दुपारी १२:४०

आय५ ८५००. स्टिकरवर १२ व्होल्ट, १५ अँपिअर.

ओहमचा नियम
सोमवार, दुपारी १:१५

१८० वॅट पूर्ण १२ व्होल्टवर, म्हणजे स्टिकर प्रामाणिक आहे. प्रोसेसर ६५ चा, कार्ड ७०, बाकी तीस-पस्तीस. चालेल. दुसरी हार्ड डिस्क असेल तर काढून एसएसडी ठेवा.